पेशा, धंदा आणि एमबीए

परदेशातल्या डिग्र्यांवरच्या आपल्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘एमबीए करावं का?’ त्याचं उत्तर द्यायला रँकिंग्ज आहेत, पगाराचे तक्ते आहेत, कर्जाचे कॅल्क्युलेटर आहेत. ते काम आम्ही करणार नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते नीट जमणारही नाही. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. दुकान, पेढी, कारखाना चालवायला माणसं पिढ्यानपिढ्या गल्ल्यावर बसूनच शिकत आली. मग विद्यापीठांनी त्याची डिग्री, तीही पदव्युत्तर डिग्री, का द्यायला सुरुवात केली? ती नेमकी कुणाला हवी होती?

यावर मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे राकेश खुराना यांचं ‘फ्रॉम हायर एम्स टू हायर्ड हॅन्ड्स’. २००७ साली प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं, पाचशेहून जास्त पानांचं. खुराना समाजशास्त्रज्ञ, आणि पुस्तक लिहिलं तेव्हा ते स्वतः हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्येच शिकवत होते. म्हणजे घरात राहून घराचा पाया खणण्याचा प्रकार. नावातला श्लेष देवनागरीत जास्तच उघडा पडतो: ‘उच्च’ या अर्थाचं हायर आणि ‘भाड्याने घेणं’ या अर्थाचं हायर आपण एकसारखंच लिहितो. उदात्त हेतूंनी निघालेली गाडी भाडोत्री माणसांपर्यंत कशी येऊन पोचली, ही या पुस्तकाची गोष्ट.

मराठी वाचकाला सुरुवातीलाच एक अडचण येते. ‘प्रोफेशन’ आणि ‘बिझनेस’ या दोन शब्दांमधल्या फटीत खुरानांचं सगळं पुस्तक उभं आहे, आणि आपला ‘व्यवसाय’ हा शब्द नेमकी तीच फट बुजवून टाकतो. वैद्यकीय व्यवसाय हाही व्यवसाय आणि हार्डवेअरचं दुकान हाही व्यवसाय. पण बोलताना आपल्याला फरक बरोबर कळतो. ‘शिक्षणाचा धंदा मांडलाय’ ही शिवी आहे. किराणावाल्याला ‘तू किराण्याचा धंदा मांडलायस’ म्हटलं तर तो म्हणेल, ‘हो, मग?’ म्हणून इथे मी ‘पेशा’ आणि ‘धंदा’ हे शब्द वापरते. पेशामध्ये विशेष ज्ञान असतं, आपल्यातल्या चुकार माणसाला वठणीवर आणणारी स्वतःची शिस्त असते, आणि समोरच्याच्या पैशापलीकडे समाजाशी काहीतरी बांधिलकी असल्याचा दावा असतो. खुरानांचं म्हणणं असं, की बिझनेस स्कूल हा धंद्याचा पेशा करण्याचा प्रयत्न होता, आणि तो फसला.

मालक नाही, मग अधिकार कसला?

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या रेल्वेपासून. कुटुंबाच्या पेढीत मालकच हुकूम देतो आणि तो का देतो हे कुणी विचारत नाही. पण शेकडो मैल पसरलेली रेल्वे एका कुटुंबाला चालवता येत नाही. १८५५मध्ये न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेच्या डॅनियल मॅकॅलम यांनी कुणी कुणाला जाब द्यायचा हे दाखवणारा एक मोठा तक्ता करवून घेतला. तो झाडासारखा दिसतो. मुळाशी संचालक आणि फांद्याफांद्यांवर हजारो कर्मचारी. या झाडाच्या मधल्या भागात एक नवीनच माणूस बसलेला आहे. तो मालक नाही, कारण शेअर्स भलत्यांकडेच आहेत. तो मजूरही नाही. पण हजारो लोकांची रोजीरोटी त्याच्या सहीवर अवलंबून आहे. याचं ऐकायचं का?

हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता. १८७७च्या रेल्वे संपाने अर्धा देश हादरला होता. मोठ्या ट्रस्ट्सविरुद्ध इतका राग होता की १८९०मध्ये शर्मन कायदा करावा लागला. अशा वातावरणात या मधल्या माणसाला प्रतिष्ठा हवी होती, आणि प्रतिष्ठा देणारी संस्था म्हणजे विद्यापीठ. खुरानांच्या पुस्तकाचा कणा हाच आहे: व्यवस्थापनाचं ज्ञान आधी तयार होतं आणि मग ते शिकवायला शाळा काढली, असं झालेलं नाही. अधिकाराला आधार हवा होता म्हणून शाळा निघाली. शिकवायचं काय, ते नंतर शोधलं गेलं.

तपशील बघितले की हे पटतं. १८८१मध्ये निकेल आणि लोखंडाच्या धंद्यात गब्बर झालेल्या जोसेफ वॉर्टन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले. परदेशी मालावर जकात का असावी हेही तिथे शिकवलं जावं, असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः कारखानदार होते, हे लक्षात ठेवायचं. ही शाळा पदवीपूर्व होती. पहिली पदव्युत्तर शाळा १९००मध्ये डार्टमथला निघाली, टक स्कूल. तिची डिग्री ‘मास्टर ऑफ कमर्शियल सायन्स’. ‘एमबीए’ ही तीन अक्षरं आली ती हार्वर्डमुळे, १९०८मध्ये. पहिल्या वर्षी नियमित विद्यार्थी ३३. सक्तीचे विषय तीन: हिशेब, व्यापारी करार आणि अमेरिकेची आर्थिक साधनसंपत्ती. पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. नफा कमवावा, पण सभ्य माणसासारखा, अशी त्यांची धारणा होती. डॉक्टरांना वैद्यकशास्त्र होतं, वकिलांना कायदा होता. यांच्याकडे काय होतं? हीच पंचाईत होती.

ती सोडवली दुसरे डीन वॉलेस डोनम यांनी, १९१९नंतर. ते वकिलीच्या शाळेतून आलेले, म्हणून तिथली केस मेथड त्यांनी इकडे आणली. १९२१ची पहिली केस एका बुटांच्या कंपनीवर होती. पण दोन्हींत एक फरक आहे. वकिलीच्या केसमध्ये शेवटी न्यायाधीशाचा निकाल असतो. इथे निकाल नसतो. इथे विद्यार्थ्याला साहेबाच्या खुर्चीत बसवतात आणि विचारतात, ‘आता तू काय करशील?’ दोन वर्षं रोज त्या खुर्चीत बसलं, की खुर्ची आपलीच वाटायला लागते. माझ्या मते एमबीएमधलं खरं शिक्षण ते आहे.

विद्यापीठातल्या जुन्या मंडळींना हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १९१८मध्ये लिहिलं, की विद्यापीठात व्यापाराच्या कॉलेजला खेळांच्या विभागापेक्षा जास्त जागा असण्याचं कारण नाही. अमेरिकी वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या अब्राहम फ्लेक्सनर यांनीही १९३०च्या आपल्या पुस्तकात हार्वर्डच्या बिझनेस स्कूलला पेशाची शाळा मानायला साफ नकार दिला.

आधी सायन्स, मग शेअरहोल्डर

पुस्तकाचा मधला भाग थोडा संथ आहे, पण तिथेच सगळ्यात मोठं वळण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बिझनेस स्कूल्स भराभर वाढली आणि दर्जा यथातथाच राहिला. १९५९मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पैशातून तयार झालेले दोन अहवाल आले आणि दोघांनीही या शाळांची सालटी काढली. इलाज एकच सुचवला गेला: खरं विज्ञान आणा. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. नमुना म्हणून डोळ्यांसमोर होतं पिट्सबर्गचं कार्नेगी टेक, जिथे हर्बर्ट सायमन होते. मग प्राध्यापक म्हणून पीएचडीवाले आले, जर्नल्स आली, मॉडेल्स आली.

याचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. बिझनेस स्कूलची दारं अर्थशास्त्रज्ञांना उघडली, आणि त्यांच्यातल्या काहींनी मॅनेजर या प्राण्याबद्दलच वेगळी कल्पना मांडली. १९७६मध्ये मायकल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांचा एजन्सी थिअरीवरचा प्रसिद्ध लेख आला. त्याचा मथितार्थ असा: मॅनेजर हा शेअरहोल्डरांनी नेमलेला मुनीम आहे, मुनीम स्वतःचं भलं बघणारच, म्हणून एकतर त्याच्यावर नजर ठेवा किंवा त्याचा खिसा शेअरच्या भावाला बांधा. ज्या शाळा मॅनेजरला समाजाचा विश्वस्त बनवायला निघाल्या होत्या, त्याच शाळा आता वर्गात शिकवू लागल्या की त्याच्यावर विश्वास टाकणं हाच भाबडेपणा आहे. १९८५मध्ये जेन्सन हार्वर्डलाच शिकवायला आले. ही विसंगती खुराना फार चांगली उलगडतात. आवाज न चढवता, एकेक कागद पुढे ठेवत. इथे पुस्तक हातातून ठेववत नाही.

आणि इथूनच माझी तक्रारही सुरू होते.

स्वप्न कुणाचं होतं?

खुरानांच्या गोष्टीत एक सुवर्णयुग आहे, निदान एक सोनेरी स्वप्न तरी. पेशाचं ते स्वप्न आपण गमावलं, याची हळहळ पुस्तकभर जाणवते. पण ते स्वप्न पडलं तेव्हा त्यात कोण कोण होतं, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागी कधीच येत नाही.

फ्लेक्सनरचंच उदाहरण घेऊ. त्यांच्या १९१०च्या अहवालाने अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण सुधारलं, हे खरं. त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या, हेही खरं. पेशा तयार होतो तेव्हा दर्जा वाढतो आणि त्याच दाराला कडीही लागते. या दोन गोष्टी एकाच हाताने होतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या दोन वर्षांच्या पूर्ण एमबीएमध्ये बायकांना प्रवेश मिळाला १९६३मध्ये, आठ जणींना. म्हणजे उदात्त हेतूंचा काळ म्हणून जो दाखवला जातो, त्याची पहिली ५५ वर्षं त्या पूर्ण अभ्यासक्रमाला बाईला प्रवेश नव्हता. आणि वर्गाचं दार उघडलं तरी केसमधली खुर्ची रिकामी झाली नाही. २०१४मध्ये तेव्हाचे डीन नितीन नोहरिया यांनी शाळेतल्या बायकांना मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. केसेसमध्ये मुख्य भूमिकेत बाई असण्याचं प्रमाण पाच वर्षांत दुपटीहून जास्त वाढवून २० टक्क्यांवर नेऊ, असं त्यांना तेव्हा सांगावं लागलं.

दुसरी उणीव कामगाराची. ज्या बेथलेहेम कंपनीत वॉर्टन बडे भागधारक होते, तिथेच फ्रेडरिक टेलर यांनी लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्या मजुरांवर प्रयोग केले. ‘श्मिट’ नावाने सांगितलेली त्यांची गोष्ट मॅनेजमेंटच्या पाठ्यपुस्तकांत अजून फिरते: दिवसाला साडेबारा टन उचलणारा माणूस ४७ टन उचलू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम पावणेचार पट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. पुढच्या इतिहासकारांनी या गोष्टीतल्या बऱ्याच तपशिलांवर शंका घेतली आहे. पण गे यांनी टेलरना हार्वर्डमध्ये व्याख्यानांना बोलावलं, आणि नव्या शाळेला हवं असलेलं ‘शास्त्र’ काही अंशी तिथून मिळालं. खुराना टेलरना जागा देतात, श्मिटला नाही. मधल्या माणसाच्या अधिकाराची गोष्ट सांगायची आणि तो अधिकार ज्याच्यावर चालतो त्याला बोलू द्यायचं नाही, याने पुस्तक एका अंगाने लंगडं राहतं.

ही तक्रार मला सुचली ती आपल्याकडच्या एका जुन्या वादामुळे. त्यासाठी थोडं मुंबईत जावं लागेल.

अमेरिकी नमुना साठच्या दशकात जगभर गेला. फ्रान्समधलं इन्सियाड त्याआधी, १९५७मध्येच, हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने निघालं होतं. १९६१मध्ये भारतात दोन आयआयएम निघाल्या. कोलकात्याला एमआयटीची साथ होती, अहमदाबादला हार्वर्डची, आणि मदतीला तेच फोर्ड फाउंडेशन. १९६५मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. वर्ध्याचे जमनालाल बजाज म्हणजे गांधीजींचा मानलेला पाचवा मुलगा. आणि गांधीजींची धनिकांबद्दलची कल्पना कोणती? विश्वस्ताची. संपत्ती ज्याच्या हातात आहे त्याने ती समाजाची ठेव समजून वापरावी. पोशाख वेगळा असला, तरी खुरानांच्या ‘उच्च हेतूं’चा हा सख्खा भाऊ आहे. अशा माणसाच्या नावाच्या संस्थेत कॅलिफोर्नियाचा अभ्यासक्रम आला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

या विश्वस्त कल्पनेवर सगळ्यात धारदार टीका बाबासाहेब आंबेडकरांनी केली आहे. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या १९४५च्या पुस्तकात ते या कल्पनेला हास्यास्पद ठरवतात. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या चांगुलपणावर इतरांनी विसंबून राहायचं, यात इतरांचा हक्क कुठे आला? विश्वस्ताने विश्वास मोडला तर त्याला जाब कोण विचारणार?

हे बोलणारा माणूस व्यापारी शिक्षणाच्या जगाला परका नव्हता. १९१३ ते १९१६ आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. १९१६मध्येच तिथे बिझनेस स्कूल सुरू झालं. परत आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचं काम सुरू केलं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं तुटली. मग १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३मध्ये निघालेलं हे कॉलेज आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज मानलं जातं. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. डिग्री माणसाच्या अधिकाराला आधार देते, असं खुराना म्हणतात. इथे ज्ञान होतं, कोलंबियाची डिग्री होती, तरी अधिकार मिळाला नाही. समाज ज्याला आधीच साहेब मानायला तयार असतो, त्याच्या बाबतीतच डिग्रीची जादू चालते. खुरानांच्या सिद्धांतात ही दुरुस्ती करायला हवी, आणि ती अमेरिकेलाही लागू पडते.

शपथ, व्हिसा आणि आपण

पुस्तकाच्या शेवटी खुरानांचा कल स्पष्ट आहे: पेशाची कल्पना पुन्हा जिवंत करावी. २००८च्या मंदीनंतर तसा प्रयत्न झालाही. २००९मध्ये हार्वर्डच्या शेकडो एमबीए विद्यार्थ्यांनी सचोटीची एक शपथ घेतली. हेतू चांगलाच होता. पण डॉक्टरने घोळ घातला तर त्याचं लायसन्स जाऊ शकतं. ही शपथ मोडणाऱ्याची डिग्री काढून घेणारं कुणी नाही. आंबेडकरांचा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो.

२०१०मध्ये श्रीकांत दातार, डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांनी ‘रीथिंकिंग द एमबीए’ हे पुस्तक काढलं. यातले दातार मुंबईत शिकलेले, पुढे आयआयएम अहमदाबाद आणि स्टॅनफर्ड करून २०२१मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले. नुसती माहिती पुरत नाही, करता यायला हवं आणि आपण कोण आहोत हेही कळायला हवं, असा त्या पुस्तकाचा सूर आहे. तिघांची तळमळ खरी वाटते. पण पुन्हा तेच: खुर्चीतल्या माणसाला अधिक चांगलं कसं करायचं, इतकाच विचार. खुर्चीसमोर उभा असलेला माणूस याही पुस्तकात नाही.

दरम्यान ‘सायन्स’ हा शब्द वेगळ्याच वाटेने परत आला. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकलेल्यांना शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं, आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ असेल तर आणखी २४ महिने. म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक बिझनेस स्कूल्सनी आपल्या एमबीएचं वर्गीकरण ‘मॅनेजमेंट सायन्स’ असं करून घेतलं. १९५९च्या अहवालांना जे विज्ञान प्रतिष्ठेसाठी हवं होतं, ते आता आपल्यासारख्यांना व्हिसासाठी हवं आहे. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्यासाठी ते २४ महिने फार मोठी गोष्ट आहे. पण डिग्रीच्या नावातला एकेक शब्द कुणाच्या तरी गरजेतून येतो, हे खुरानांनी शिकवलेलं इथे लख्ख दिसतं. उलटं उदाहरण आपल्याकडेच आहे: २०१७चा कायदा येईपर्यंत आयआयएम एमबीए देतच नव्हत्या, डिप्लोमा देत होत्या. कुणाचं काही अडलं नाही. किंमत कागदावरच्या अक्षरांना नव्हती, दारातून आत घेतलं गेल्याला होती.

तर, करावं का एमबीए? करा, पोटासाठी माणसं याहून वाईट गोष्टी करतात. फक्त अर्ज भरण्याआधी खुरानांचा पहिला आणि तिसरा भाग वाचा. मधला चाळला तरी चालेल. आणि ज्या शाळेत जाणार आहात तिथल्या विषयांची यादी उघडून ‘कामगार’, ‘युनियन’, ‘मजुरी’ हे शब्द कुठल्या पेपरात येतात ते शोधा. खर्चाच्या रकान्याबाहेर कुठे सापडले, तर त्या प्राध्यापकांना जरूर ईमेल करा. नाही सापडले, तर वर्गात पहिली केस पुढ्यात येईल तेव्हा ‘आता तू काय करशील?’ याचं उत्तर द्यायच्या आधी विचारा: ‘मी जे करीन ते ज्यांच्यावर होणार आहे, ते या केसमध्ये कितव्या पानावर आहेत?’